प्रिंटर सर्वांचा, किल्ली ज्याची त्याची

इंदूरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. घराच्याच दोन खोल्यांत त्या दहावीचे क्लासेस चालवतात. चार संगणक, एक लेझर प्रिंटर, तीन शिक्षक आणि फीच्या पावत्या करणारा एक तरुण मुलगा, एवढाच त्यांचा पसारा. मागच्या महिन्यात चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी गणिताची प्रश्नपत्रिका काही विद्यार्थ्यांच्या हाती पडली. प्रत सापडली तेव्हा पाहतात तर कागदाच्या उजव्या कडेला एक बारीक काळी रेघ! त्यांच्या प्रिंटरच्या ड्रमवर ओरखडा असल्यामुळे त्यातून निघणाऱ्या प्रत्येक पानावर ती रेघ उमटते. म्हणजे प्रत घरच्याच प्रिंटरवर निघाली होती.

संशय साहजिकच पावत्या करणाऱ्या मुलावर गेला. त्याचे टेबल प्रिंटरला लागून होते. "मी नाही केले," एवढेच तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला. आता ताईंना रात्री झोप लागत नाही. त्यांनी दोन प्रश्न विचारले आहेत. हे खरे कोणी केले ते संगणकावरून कळेल का? आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नाही, कळणार नाही. कारण पत्रातच आहे. चारही संगणकांवर सगळेजण 'ऑफिस' या एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने काम करतात. संगणकाच्या दृष्टीने त्या घरात एकच माणूस वावरतो, त्याचे नाव 'ऑफिस'! प्रश्नपत्रिका छापली 'ऑफिस'ने, पावत्या छापल्या 'ऑफिस'ने आणि चोरून प्रत काढली तीही 'ऑफिस'नेच. त्या मुलाचा दोष यावरून सिद्ध होत नाही आणि त्याचे निर्दोषत्वही सिद्ध होत नाही. पासवर्ड म्हटले की आपल्याला चोर पकडणे आठवते. पण वेगवेगळ्या नावांचा खरा उपयोग निरपराध माणसाला होतो, हे आपण विसरतो.

दुसरा प्रश्न मात्र पूर्णपणे आपल्या हातातला आहे. आजचा लेख त्यासाठीच.

ही चोरी साठ वर्षांपूर्वीची

प्रिंटर आणि पासवर्ड यांचे नाते फार जुने आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६० नंतरच्या काळात एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची पद्धत सुरू झाली. फर्नांडो कॉर्बाटो हे त्या प्रकल्पाचे प्रमुख. प्रत्येकाचे काम त्याच्यापुरते राहावे म्हणून त्यांनी प्रत्येकाला पासवर्ड दिला. संगणकावर पासवर्ड वापरण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत याची गणना होते.

तेथे ॲलन शेर नावाचे एक संशोधक होते. त्यांना आठवड्याला चारच तास संगणक मिळे आणि काम तर मोठे. मग १९६२ साली त्यांनी एक युक्ती केली. कोणतीही फाईल छापून हवी असेल तर खाते क्रमांक आणि फाईलचे नाव लिहिलेले छिद्रांचे कार्ड द्यायचे, अशी तिथे सोय होती. शेर यांनी शुक्रवारी रात्री उशिरा सगळ्यांचे पासवर्ड असलेल्या फाईलचेच कार्ड दिले आणि शनिवारी पहाटे जाऊन छापलेले कागद उचलून आणले. कुलूप फोडावे लागले नाही की काही नाही. हे कोणाला छापता येईल आणि कोणाला नाही, असा प्रश्नच त्या प्रिंटरला कोणी शिकवला नव्हता.

ताईंच्या प्रिंटरचीही आज तीच स्थिती आहे. पत्रात त्यांनी सहज लिहिले आहे की, प्रिंटरच्या यादीत जुन्या कागदपत्रांची नावे आठवडाभर दिसत राहतात. मला वाटते, मेख इथेच आहे. विंडोजमध्ये प्रिंटरच्या 'ॲडव्हान्स्ड' पानावर 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स' अशी एक खूण असते. ती केलेली असली तर छापून झालेला कागद यादीतून जात नाही आणि ज्याचा तो कागद आहे त्याला एका क्लिकमध्ये तो पुन्हा छापता येतो. आणि इथे तर सगळे कागद 'ऑफिस'चे आणि सगळी माणसेही 'ऑफिस'च! मूळ फाईल उघडण्याचीसुद्धा गरज नाही. तेव्हा ताई, पहिले काम हे की, ती खूण काढून टाका.

चार माणसे, चार नावे

आता व्यवस्था मुळापासून लावू या. ज्या संगणकाला प्रिंटर जोडला आहे त्याला आपण यजमान संगणक म्हणू. बाकीचे तीन पाहुणे. छपाईची परवानगी देणे किंवा नाकारणे हे यजमानाचे काम. म्हणून माणसांची नावे त्याला ठाऊक असली पाहिजेत.

यजमान संगणकावर 'सेटिंग्ज'मध्ये 'अकाउंट्स' आणि त्यात 'अदर युजर्स' उघडा. तेथे प्रत्येक माणसाचे स्वतंत्र खाते तयार करा. विंडोज ई-मेलचा पत्ता मागेल, पण मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडण्याचा पर्यायही पुढे येतो, तो निवडा. खात्याचा प्रकार 'स्टँडर्ड' ठेवा. 'ॲडमिनिस्ट्रेटर', म्हणजे सर्वाधिकारी, घरात एकच असावा आणि त्या खात्यानेही रोजचे काम करू नये. तिजोरीची किल्ली आपण रोज पदराला बांधून बाजारात नेत नाही, तसेच हे.

यानंतर पाहुण्या संगणकावरही तेच नाव आणि तोच पासवर्ड असलेले खाते त्या त्या माणसासाठी करा. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे जुळले की, यजमान काही न विचारता ओळख पटवून घेतो. जुळले नाही तर तो नाव-पासवर्ड विचारतो.

इथे बहुतेकजण दोन ठिकाणी अडखळतात. एक म्हणजे, काहीजण पासवर्ड रिकामाच ठेवतात. रिकाम्या पासवर्डचे खाते समोर बसून उघडता येते, पण नेटवर्कवरून विंडोज ते स्वीकारत नाही. दुसरे म्हणजे, आजकाल आपण संगणक चार आकडी पिनने उघडतो. तो पिन त्या एकाच यंत्रापुरता असतो. शेजारच्या संगणकाने ओळख विचारली तर पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच द्यावा लागतो. "पासवर्ड बरोबर देतोय तरी घेत नाही," अशी तक्रार करणारे दहातले निम्मे लोक पिन देत असतात!

पासवर्ड कसा असावा? अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेने, म्हणजे निस्टने, २००३ साली चिन्हे, आकडे, मोठी-लहान अक्षरे असे नियम सुचवले होते. त्यानंतर वर्षानुवर्षे कार्यालयांतून दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती होत राहिली. परिणाम काय? लोक शेवटचा आकडा वाढवून मोकळे होत किंवा चिठ्ठी मॉनिटरला चिकटवत. २०१७ साली त्याच संस्थेने हा सल्ला बदलला. आता भर लांबीवर आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले की पाठ राहणारा आणि दुसऱ्याला न सुचणारा पासवर्ड होतो. मात्र मुलाचे नाव, गाडीचा नंबर आणि कुलदैवत यांना यातून सुट्टी द्या. फुटल्याचा संशय आला तर तो लगेच बदला, उगीच दर महिन्याला नको.

कोणाला काय करता येईल?

नावे झाली. आता प्रिंटरकडे वळू. यजमान संगणकावर 'सेटिंग्ज'मधून 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडा, आपला प्रिंटर निवडा आणि 'प्रिंटर प्रॉपर्टीज'वर जा. 'शेअरिंग'च्या पानावर प्रिंटर सर्वांसाठी खुला करण्याची खूण करा आणि त्याला साधे, लहान नाव द्या. नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' असू द्या. प्रगत शेअरिंगच्या पानावर 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' चालू आहे ना, हे पाहा. पुष्कळ ठिकाणी कटकट नको म्हणून ते बंद करून ठेवलेले असते.

आता खरे पान, 'सिक्युरिटी'. इथे परवानग्या मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. 'प्रिंट' म्हणजे नुसते छापणे. 'मॅनेज डॉक्युमेंट्स' म्हणजे रांगेतील कागद थांबवणे, रद्द करणे, पुन्हा सोडणे. 'मॅनेज धिस प्रिंटर' म्हणजे प्रिंटरच्या सगळ्या नाड्या हातात असणे, परवानग्या बदलणेसुद्धा त्यातच आले.

या पानावर पहिल्यापासून 'एव्हरीवन' अशी एक नोंद असते आणि तिला 'प्रिंट'ची परवानगी असते. एव्हरीवन म्हणजे यजमानाच्या दारापर्यंत पोचलेला कोणीही. 'क्रिएटर ओनर' अशीही एक नोंद असते. तिचा अर्थ असा की, जो कागद ज्याने सोडला तो त्याला स्वतःला रद्द करता येतो, दुसऱ्याचा नाही. ही मोठी शहाणी सोय आहे, पण माणसांची नावे वेगळी असतील तरच तिचा उपयोग. ताईंच्या घरी ती आजवर निकामी झाली होती, ती एकाच नावामुळे.

आता क्रम सांभाळा. आधी स्वतःची सर्वाधिकारी नोंद जागेवर आहे याची खात्री करा. मग तिन्ही शिक्षक आणि पावत्या करणारा यांची नावे एकेक करून जोडा आणि प्रत्येकाला फक्त 'प्रिंट' द्या. सर्वांत शेवटी 'एव्हरीवन' काढून टाका. तेथे न कळणाऱ्या आणखी एक-दोन नोंदी दिसल्या तर त्यांना हात लावू नका.

एक चूक मात्र चुकूनही करू नका. 'एव्हरीवन' काढून टाकण्याऐवजी त्याच्यापुढे 'डिनाय'ची खूण करण्याचा मोह होतो. विंडोजमध्ये नकार हा होकारापेक्षा वरचढ असतो आणि 'एव्हरीवन'मध्ये आपणही येतो. म्हणजे घरातल्या सगळ्यांबरोबर आपणच बाहेर! परवानगी द्यायची नसेल तर नाव जोडू नये, एवढे पुरे.

पाहुण्या संगणकावरून प्रिंटर पहिल्यांदा जोडताना सर्वाधिकाऱ्याचा पासवर्ड मागितला तर गोंधळू नका. याला कारण आहे. २०२१ साली विंडोजच्या छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागात, म्हणजे प्रिंट स्पूलरमध्ये, एक गंभीर भगदाड सापडले. 'प्रिंटनाईटमेअर' या नावाने ते गाजले. त्यातून शिरलेल्याला संपूर्ण संगणक ताब्यात घेता येत होता. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षीच्या जुलैमध्ये तातडीने दुरुस्ती काढली, ती मुदत संपलेल्या विंडोज ७ साठीसुद्धा. ऑगस्टपासून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्याचा हक्क केवळ सर्वाधिकाऱ्याकडे राहिला. तेव्हा तो पासवर्ड तुम्ही स्वतः जाऊन टाका, कोणाला सांगू नका. शिवाय यजमान संगणकावर चालू मुदतीतले विंडोज असू द्या. विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे.

मागच्या दाराचे काय?

पुढच्या दाराला इतकी कुलुपे लावली, पण मागचे दार उघडे असेल तर? बहुतेक नव्या प्रिंटरांना स्वतःचे वायफाय असते. प्रिंटर वायफायवर असेल तर त्याच वायफायवरचा कोणताही मोबाईल यजमान संगणकाला न विचारता थेट प्रिंटरला कागद पाठवू शकतो. आपण लावलेल्या साऱ्या परवानग्या यजमानापाशीच राहतात, प्रिंटरला त्यांचा पत्ताही नसतो. आणि क्लासचा वायफाय पासवर्ड किती विद्यार्थ्यांना ठाऊक असतो, ते मी सांगायला नको.

नोव्हेंबर २०१८ मध्ये एका व्यक्तीने इंटरनेटवर उघडे पडलेले प्रिंटर शोधून जगभरातल्या हजारो प्रिंटरांवर आपल्या आवडत्या यूट्यूब वाहिनीची जाहिरात छापली. ५० हजार प्रिंटर असा त्याचा दावा होता. ते प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या दारातून कोणाचाही कागद निमूटपणे छापत होते. गंमत म्हणून ते हसण्यावारी गेले, पण दार उघडे होते ही गोष्ट खरी.

छोट्या जागेसाठी उपाय सोपा आहे. प्रिंटर यूएसबीच्या वायरने यजमानाला जोडा आणि प्रिंटरचे वायफाय बंद करा, त्यातले 'वायफाय डायरेक्ट'सुद्धा. वायफाय हवेच असेल तर विद्यार्थ्यांसाठी राऊटरवर वेगळे 'गेस्ट' वायफाय करा आणि प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. मोठ्या प्रिंटरमध्ये ठरावीक संगणकाकडूनच कागद घेण्याची सोय असते, ती वापरावी.

आणि कागद? संगणकाने कितीही चोख पहारा ठेवला तरी ट्रेमध्ये पडलेला कागद जो येईल त्याचा. पुष्कळ कार्यालयीन प्रिंटरांत 'सिक्युअर प्रिंट' ही सोय असते. आपण प्रिंटरपाशी जाऊन पिन दाबेपर्यंत कागद बाहेर येतच नाही. ती नसेल तर प्रश्नपत्रिका छापताना स्वतः शेजारी उभे राहावे. रांगेत फाईलचे नाव इतरांनाही दिसू शकते, म्हणून 'गणित चाचणी अंतिम' असे नाव देऊन कोणाला निमंत्रणही देऊ नये.

भाड्याचे किंवा जुने मोठे कॉपियर परत करतानाही एवढीच काळजी घ्या. त्यांतल्या काहींत हार्ड डिस्क असते आणि छापलेल्या पानांच्या प्रतिमा तीत राहू शकतात. २०१० साली अमेरिकेत सीबीएस वाहिनीने चार जुने कॉपियर विकत घेतले, तेव्हा त्यांत पोलिसांची कागदपत्रे आणि रुग्णांच्या नोंदी निघाल्या. ज्या आरोग्यविमा संस्थेच्या त्या नोंदी होत्या तिला २०१३ साली १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. यंत्र परत करण्यापूर्वी डिस्क पुसून घ्या आणि तसे लिहूनही घ्या.

प्रिंटर साक्षीदारही होतो

आता शेवटची गोष्ट, नोंदवहीची. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची एक वही असते. तिच्यात 'प्रिंट सर्व्हिस' या विभागाखाली 'ऑपरेशनल' नावाचे पान असते. ते सहसा बंद असते, ते एकदा चालू करा. त्यानंतर कोणत्या नावाने, कोणत्या संगणकावरून, केव्हा आणि किती पाने छापली, याची नोंद होत राहते. ही नोंद ३०७ क्रमांकाखाली मिळते. फक्त एक करा, अशी वही चालू आहे हे सगळ्यांना आधी सांगा. लपून ठेवलेल्या पाळतीने विश्वास जातो, सांगून ठेवलेल्या वहीने तो वाढतो.

प्रिंटर गप्प बसला तर काय होते, याचे मोठे उदाहरण ढाक्याचे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरट्यांनी बांगलादेश बँकेच्या यंत्रणेत शिरून न्यूयॉर्कमधील तिच्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचे आदेश पाठवले. अशा प्रत्येक व्यवहाराचा कागद तेथील एका प्रिंटरवर आपोआप छापला जात असे. चोरट्यांनी तो प्रिंटरच आधी मुका करून टाकला. शुक्रवारी सकाळी कर्मचाऱ्यांना तो बंद दिसला आणि नेहमीचा बिघाड समजून ते पुढच्या कामाला लागले. बहुतेक आदेश अडले, तरी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाईन्समध्ये पोचलेच. बिघडलेल्या प्रिंटरची आठवण आली तेव्हा उशीर झाला होता.

तुमच्या-आमच्या घरी कोट्यवधी डॉलर नाहीत. पण आधार कार्डांच्या प्रती आहेत, पगाराची पत्रके आहेत, आजारपणाचे अहवाल आहेत आणि मुलांच्या प्रश्नपत्रिका आहेत. हे सगळे त्या एकाच चौकोनी यंत्रातून जाते.

सगळे लावून झाले की परीक्षा घ्या. प्रत्येकाच्या नावाने एकेक पान छापून पाहा. मग परवानगी नसलेल्या नावाने छापायचा प्रयत्न करा आणि तो फसतो ना, हेही पाहा. दाराला कुलूप लावले की आपण ते ओढून बघतो, तसे. कोणी काम सोडून गेले तर त्याचे खाते त्याच दिवशी बंद करा. एखादी नवीन बाई रुजू झाल्या तर त्यांना जुन्या बाईंचा पासवर्ड देऊ नका, नवे नाव द्या.

आणि ताई, या सगळ्याला तुम्हाला रविवारची एक दुपार पुरेल. पण त्याआधी एक काम करा, त्याला संगणक लागत नाही. त्या मुलाला निरोप पाठवा. चार माणसांची एकच किल्ली होती, ती ठेवण्याची चूक त्याची नव्हती, हे त्याला सांगा. तो परत आला तर यजमान संगणकावरचे पहिले नवे नाव त्याचे लिहा.